हेअरपिन आखताना आधी लूपचा खर्च मांडा

डीएनए हेअरपिन म्हणजे स्वतःवरच दुमडलेला एकेरी धागा: जोड्या जुळलेला भाग स्टेम, मधलं सुटं वळण लूप. प्रोजेक्टला येणारी मुलं त्याचा क्रम दाखवायला आणतात, तेव्हा स्टेममध्ये घट्ट बसणाऱ्या जी-सी जोड्या ठासून भरलेल्या असतात. जितका घट्ट तितका चांगला, अशी समजूत. मी आधी कागद-पेन काढायला लावते, सॉफ्टवेअर नंतर.

समजा स्टेमची एक बाजू जी-सी-जी-ए-जी-सी आहे. जॉन सांतालुसिया यांच्या 1998 च्या ऊर्जा-तक्त्यातून शेजारच्या दोन-दोन बेसचे आकडे घ्या: जीसी −2.24, सीजी −2.17, जीए −1.30, एजी −1.28, परत जीसी −2.24. बेरीज −9.23 किलोकॅलरी प्रति मोल; आकडा जितका ऋण तितकी घडी घट्ट. यातून लूपचा खर्च वजा होतो. चार बेसचा लूप सुमारे 3.5 खातो, वीस बेसचा 5.7. टोकाजवळचे बारीकसारीक बोनस सोडले तर त्याच स्टेममधून हाती उरतात −5.7 किंवा −3.5. तीनपेक्षा कमी बेसवर तर लूप वळतच नाही म्हणा ना.

हे आकडे 37 अंश सेल्सिअस आणि 1 मोलर सोडियम क्लोराइडचे. पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढतानाचं, बफर त्याच्या जवळपासही नसतं. म्हणून एमफोल्ड या घडी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सोडियम-मॅग्नेशियम आपल्या बफरचं भरा. डीफॉल्टवर काढलेला टीएम, म्हणजे अर्धे रेणू उलगडतात ते तापमान, मी बघतसुद्धा नाही.

किती घट्ट हवं, ते काम ठरवतं. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी 1996 मध्ये मांडलेला मॉलिक्युलर बीकन, म्हणजे हव्या त्या क्रमाला (टार्गेटला) चिकटल्यावर चमकणारा हेअरपिन प्रोब, टार्गेट भेटताच उघडला पाहिजे. त्यासाठी पाच ते सात जोड्यांचा स्टेम पुरतो. त्याचा टीएम ॲनीलिंगच्या (प्रोब टार्गेटला चिकटण्याच्या) तापमानापेक्षा 7 ते 10 अंश वर ठेवा. फ्लोरोफोरला (चमकणाऱ्या रंगाच्या रेणूला) लागून जी ठेवू नका, जी म्हणजे ग्वानीन, तो चमक विझवतो.

प्रोब आला की 95 अंशांवर तापवून थेट बर्फात. घट्ट द्रावण हळूहळू थंड केलंत तर दोन रेणू एकमेकांत गुंततात, म्हणजे डायमर होतो. संशय आला तर दहापट पातळ करून मेल्ट कर्व्ह (तापवताना घडी कशी उलगडते त्याचा आलेख) परत घ्या. हेअरपिन स्वतःशीच जुळतो, त्यामुळे त्याचा टीएम जागचा हलत नाही. डायमरचा खाली येतो.

एकेरी धाग्याची टोकं जोडून वर्तुळ करायचं असेल तरी प्रश्न तोच: रेणू स्वतःच्या टोकाला भेटणार की शेजाऱ्याच्या? म्हणून लायगेशन (टोकं जोडणं) पातळ द्रावणात करा, नाहीतर लांबच लांब साखळ्या तयार होतात. ऑर्डर देताना 5′ टोकाला फॉस्फेट मागा. दोन्ही टोकं स्वतःच्याच एखाद्या स्टेममध्ये अडकलेली नाहीत ना, ते घडी काढून बघा. अडकली असतील तर स्प्लिंट, म्हणजे दोन्ही टोकं शेजारी धरणारा छोटा धागा, बसणार नाही आणि टोकं जोडणारं एन्झाइम टी4 लायगेज बिचारं काही करू शकणार नाही. नंतर एक्झोन्यूक्लिएज 1 आणि 3 ही टोकाकडून डीएनए खाणारी एन्झाइमं घाला. सुटे धागे आणि स्प्लिंट पचतात, वर्तुळ राहतं, कारण त्याला टोकच नाही.

तपासायला डिनेचरिंग जेल (घड्या उलगडून धागे वेगळे करणारं) दोन वेगवेगळ्या टक्क्यांचे लावा. सरळ धाग्याच्या तुलनेत वर्तुळाची जागा टक्क्यांनुसार बदलते, आणि मार्करशी (माहीत लांबीच्या सरळ धाग्यांशी) जुळवून लांबी वाचायला गेलात तर फसाल.