प्रोबेशनवरचं लायसन्स घेऊन कॅलिफोर्नियात नर्सची नोकरी शोधताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या एका स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत नर्सेसची भरती मी बघते. राज्याच्या नर्सिंग बोर्डाने लायसन्स प्रोबेशनवर ठेवलेल्या, म्हणजे कारवाईनंतर ठरावीक काळ अटींवर काम करू दिलेल्या, आरएनचे (रजिस्टर्ड नर्सचे) अर्ज येतच असतात, त्यात आपल्या मराठी मुलीही असतात. अशांना नोकरी मिळते. अडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे.

"ताई, आधी जॉइन होते, मग सांगते." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोर्डाच्या साइटवर तुमचं नाव टाकलं की प्रोबेशन दिसतं, निर्णयाची अख्खी पीडीएफ उघडते. नर्सिसवरही (नर्सेसच्या लायसन्सची देशभरची ऑनलाइन यादी) नोंद असते. एचआर सगळ्यात आधी तेच बघतं. शिवाय काम सुरू करण्याआधी बोर्डाची मंजुरी घ्यायची आणि वरिष्ठांना निर्णयाची प्रत द्यायची, ही ऑर्डरमधलीच, म्हणजे बोर्डाच्या त्या निर्णयातलीच, अट आहे. मग लपवून जाणार कुठे? पहिल्याच फोनवर सांगून टाका: काय घडलं, त्यानंतर तुम्ही काय केलं, आता कुठल्या अटी आहेत. चार वाक्यं पुरतात. जुन्या मॅनेजरचा उद्धार करायला लागलात की मी फोन आवरता घेते.

याहून मोठी चूक म्हणजे स्वतःची ऑर्डर न वाचणं. वकिलाने वाचली म्हणजे आपण वाचली असं होत नाही. ओळखीतल्या एका मुलीने लहानशा नर्सिंग होममधली नाइट पकडली. पगार बरा, घराजवळ. तिच्या ऑर्डरमध्ये मॉडरेट सुपरव्हिजन होतं, म्हणजे तिच्या ड्यूटीच्या निदान निम्म्या वेळेला स्वच्छ लायसन्सची दुसरी आरएन तिथे हजर हवी. रात्री तिथे आरएन ही एकटीच, बाकी एलव्हीएन (आरएनहून खालच्या लायसन्सच्या नर्स). बोर्डाने मंजुरी दिली नाही, आणि तोवर हिने हातातली केअरगिव्हरची नोकरी सोडलेली. थांबायचं, दिवसपाळी शोधायची, तर बाई गेली रजिस्ट्रीकडे, म्हणजे तात्पुरत्या नर्स पुरवणाऱ्या एजन्सीकडे. का, तर मैत्रीण म्हणाली तिथे फारसं विचारत नाहीत. रजिस्ट्री, ट्रॅव्हल नर्सिंग, प्रायव्हेट ड्यूटी (रुग्णाची खासगी शुश्रूषा), हॉस्पिटलचा फ्लोट पूल (गरज पडेल त्या वॉर्डात पाठवतात त्या नर्सेस), हे सगळं नेहमीच्या ऑर्डरमध्ये स्पष्ट शब्दांत बंद असतं. पुढच्या तिमाही रिपोर्टच्या वेळी ते उघडं पडलं. आता तिच्यासमोर नोकरीचा नाही, लायसन्स राहतं की जातं याचा प्रश्न आहे. मैत्रीण मजेत आहे.

म्हणून मी प्रत्येकीला ऑर्डरची प्रिंट काढायला लावते. हायलायटर घ्यायचा, "करता येणार नाही" अशी प्रत्येक ओळ रंगवायची आणि कागद शेजारी ठेवूनच जाहिराती वाचायच्या. पीडीएफ मोबाइलवर वाचणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आठवड्याला एखादी पर डायम (लागेल तेव्हा बोलावतात तशी) शिफ्ट करून प्रोबेशन उरकेल असं समजू नका. सर्वसाधारण अट आठवड्याला किमान २४ तास, सलग ६ महिने, अशी असते. मात्र आरएन लायसन्स लागणारं टेबलावरचं कामही यात धरतात, त्यामुळे युटिलायझेशन रिव्ह्यूच्या (उपचार गरजेचे आहेत का हे कागदपत्रांवरून तपासायच्या) जागा जरूर बघा. डायलिसिस सेंटरही बघा, नार्कोटिक्सशी तिथे फारसा संबंध येत नाही.

"तोवर वर्षभर भारतात जाऊन येते" हाही एक लाडका बेत. राज्याबाहेर राहिलेला काळ प्रोबेशनमध्ये धरत नाहीत. प्रोबेशन ३ वर्षांचं असेल, तर वर्षाने परत याल तेव्हा जेवढं राहिलं होतं तेवढंच शिल्लक असेल.

ड्रग टेस्टिंगची अट असेल तर दिवाळीत अनारशांना हात लावू नका. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश आणि कफ सिरपही घरातून काढा. प्रोबेशन मॉनिटरला अनारसा म्हणजे काय ते समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

"सुपरवायझर" असं लिहिलेल्या जागेला अर्ज नको, आरएनवर देखरेख करायची तुम्हाला परवानगी नसते. आणि नोकरी लागली की ७२ तासांत बोर्डाला लेखी कळवायचं, सुटली तरी ७२ तासांतच. फोनवर सांगितलेलं चालत नाही, ईमेलची प्रत जपून ठेवा.