व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलासाठी घर करताय? आधी बाथरूमचं दार बघा

रॅम्पचा विचार सगळे करतात, म्हणजे 1 फूट चढायला निदान 12 फूट लांबी वगैरे, पण रोजची खरी अडचण होते बाथरूममध्ये. दार उघडल्यावर मधे मोकळी जागा किती उरते ते टेपने मोजा, चौकटीचं माप धरू नका कारण दाराची जाडी पण जागा खाते. मोकळी निदान 80 सेंमी हवी, 90 मिळाली तर उत्तमच. आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या, मूल आत दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, हे प्लॅन बघताना कुणाच्या डोक्यातच येत नाही. आत खुर्ची पूर्ण वळायला साधारण 150 सेंमीचं वर्तुळ लागतं. उंबरा नकोच.

आजच्या छोट्या खुर्चीच्या मापाने तर अजिबात बांधू नका, मूल वाढतं, खुर्ची रुंद होते, उचलायचं वजनही वाढतं, म्हणून कमोडच्या एका बाजूला मदत करणाऱ्याला जागा ठेवा. आधाराला धरायची भिंतीवरची हँडल आत्ता मुलाच्या उंचीला लावा, पण भिंत वरपर्यंत मजबूत करून घ्या, नंतर वर सरकवता येतील.