कापूस-तुरीच्या पट्ट्यात सेंद्रिय शेती करताय? या चुका टाळा

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे सेंद्रिय शेती सुरू करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडून देणारे शेतकरी थोडेथोडके नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पिकत नाही." पण वावरात जाऊन पाहिलं तर बहुतेक ठिकाणी दोन-चार नेमक्या चुका सापडतात, ज्या कुणी वेळेवर दाखवूनच दिलेल्या नसतात. आणि आणखी एक गोष्ट हमखास दिसते. तो शेतकरी गावात एकटा असतो. शेण घरच्या दोन जनावरांचं, शेजार फवारणीवाल्यांचा, गिऱ्हाईक त्यानेच शोधायचं. माझं मत स्पष्ट आहे: कोरडवाहू भागात सेंद्रिय शेती एकट्याला पेलत नाही. पाच-दहा घरांनी मिळून केली तर ती टिकते, आणि तिचा फायदाही मग गावात फिरतो.

हा खटाटोप कशासाठी, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप बहुतेकदा मजुराच्या पाठीवर असतो. त्यामुळे शेतात काय फवारायचं हा एकट्या मालकाचा प्रश्न नाही, त्या मजुराच्या घरचाही आहे.

सगळं वावर एकदम बदलणं

वर्षानुवर्षं युरिया-डीएपीवर पिकलेली जमीन एका हंगामात सुधारत नाही. सेंद्रिय कर्ब वाढायला, गांडुळं परतायला दोन-तीन वर्षं जातात आणि त्या काळात उत्पन्न घटतं. हे गृहीत न धरता आठ एकर एकदम बदलले, की पहिल्याच वर्षी सावकाराचं दार गाठावं लागतं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भातापासून चहापर्यंत सगळं कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. देशाला जे झेपलं नाही ते एका घराला कसं झेपेल?

एक-दोन एकरांपासून सुरुवात करा. शक्यतो घराजवळचा, उताराच्या वरच्या अंगाचा तुकडा घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या वावरातलं पाणी त्यात उतरणार नाही. त्यात निव्वळ कापूस न लावता तूर, मूग, ज्वारी मिसळा. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहतं.

जीवामृतालाच खत समजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं, जमिनीतले जिवाणू वाढवणारं द्रावण. एका एकराच्या जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर धुऱ्याची (बांधाची) माती लागते. आता हिशेब करा. १० किलो शेणात नत्र (नायट्रोजन) जेमतेम ५० ग्रॅम, १० लिटर गोमूत्रात शंभरेक ग्रॅम, बेसनात सत्तरेक ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोही भरत नाही. कोरडवाहू कापसाची शिफारस हेक्टरी ६० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी २४ किलो. महिन्यातून दोनदा जीवामृत सोडलं तरी ही तूट भरून निघणार नाही. जीवामृत हे विरजण आहे. दूध जमिनीत आधीपासून असावं लागतं.

ते दूध म्हणजे शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत आणि कडधान्यं. चांगल्या शेणखतात टनामागे साधारण ५ किलो नत्र असतं, आणि तेही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. म्हणजे एकरी चार-पाच टन हवं. एक जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देतं, ते कुजून निम्म्याहून कमी होतं. दोन जनावरांवर एक एकरही धड भागत नाही.

यावरचा उपाय आपल्याच पट्ट्यात निघालेला आहे. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेल्या नाडेप पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं भोकं ठेवून बांधलेलं विटांचं टाकं असतं. त्यात काडीकचरा आणि माती थराथराने भरतात. शेण लागतं ते फक्त शंभरेक किलो, तेही पाण्यात कालवून शिंपडायला. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होतं. आपल्याकडे कचऱ्याला तोटा नाही. पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं), तुराट्या, सोयाबीनचं कुटार, सगळं धुऱ्यावर पेटवून देतो. पऱ्हाट्या अख्ख्या कुजत नाहीत, बारीक कराव्या लागतात, आणि कुट्टीचं यंत्र एकट्याला परवडत नाही. गटाने घेतलं तर एकाच यंत्रावर दहा घरांची टाकी भरतात. पऱ्हाट्यांचे ढीग उन्हाळाभर धुऱ्यावर पडून राहिले की गुलाबी बोंडअळी त्यात दबा धरून बसते. म्हणजे कुट्टी करून कुजवण्यात खतही आहे आणि पुढच्या वर्षीचं पीक संरक्षणही.

जीवामृतच बिघडत असेल तर तीन गोष्टी तपासा. आंबूस-गोडसर वास यायला हवा. सडका वास येत असेल तर ढवळणं कमी पडलंय किंवा ड्रमचं झाकण घट्ट बसलंय. सावलीत ठेवा, तोंडावर गोणपाट टाका, सकाळ-संध्याकाळ ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. फेस आला नाही तर पाणी बघा. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडर असेल तर ते पाणी रात्रभर उघड्यावर ठेवूनच वापरा. आणि जमिनीत ओल नसताना जीवामृत टाकणं म्हणजे गूळ-बेसन वाया घालवणं.

कच्चं शेणखत, ताजं काड

उकिरड्यातलं शेण मे महिन्यात तसंच बंडीत भरून वावरात पसरलं, की ऑगस्टमध्ये रोपं सुकायला लागतात. रोप उपटलं तर मुळं कुरतडलेली आणि खाली इंग्रजी 'सी'सारखी वळलेली पांढरट अळी. ही हुमणी. अर्धकच्चं शेण तिला वाढायला फार मानवतं. तयार खत हातात चुरलं की भुगा होतो, रंग काळपट तपकिरी असतो आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा येतो. शेणाचा वास येतोय तोवर ते तयार नाही.

हुमणी आधीच आलेली असेल तर उपाय पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्या दमदार पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर गोळा होतात. फांद्या हलवून ते पाडायचे, वेचायचे आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचे. पण हे सगळ्या गावाने त्याच आठवड्यात करायला हवं. एकट्याने आपलं झाड झटकलं तर पलीकडच्या झाडावरचे भुंगेरे त्याच्याच वावरात अंडी घालतात.

दुसरी तक्रार असते, "काड गाडलं आणि पीक पिवळं पडलं." गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात आणि पिकाला उपाशी ठेवतात. असं काड पेरणीच्या तोंडावर गाडू नका. ते आच्छादन म्हणून वरच राहू द्या, नाहीतर आधी टाक्यात कुजवा. ताग-धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं मात्र फुलावर यायच्या आधी, दीड महिन्याची असताना गाडावी. उशीर झाला की खोड जून होतं आणि त्याचीही तीच गत होते.

ओळखण्याआधी मारणं

सेंद्रिय अर्क मारला म्हणजे सगळं निर्धोक, असा समज आहे. पण काही अर्कांची मित्रकिडींनाही झळ बसते. फवारण्याआधी कपाशीचं पान उलटून नीट बघा. माव्यात, म्हणजे पानाखाली चिकटून रस शोषणाऱ्या बारीक किडींत, काही दाणे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि जागेवर चिकटलेले दिसतील. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. असे दाणे बरेच दिसले तर पंप खाली ठेवा, आठवडाभरात मावा आपोआप आटोक्यात येतो. तशीच एक राखाडी-काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीसारखी लांबट अळी माव्यातून फिरताना दिसते. ही लेडीबर्ड बीटलची अळी. मोठा लाल किडा सगळे ओळखतात, पण त्याचं हे पिल्लू कीड समजून चिरडतात, आणि मावा खाण्यात तर ते मोठ्याच्याही पुढे असतं. कपाशीत मधूनमधून चवळीचं तास (ओळ) टाकलं तर ही फौज आधी तिथे तयार होते.

बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर उपायाची वेळ आली असं धरा. आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी वेचणी घेण्याचा मोह टाळा. डिसेंबर-जानेवारीनंतर उभी राहिलेली पऱ्हाटी सगळ्या शिवाराला बोंडअळी वाटते.

निंबोळी अर्क "लागू पडला नाही" असं कानावर आलं, की मी आधी वेळ विचारतो. उन्हात त्यातलं औषधी तत्त्व लवकर निकामी होतं, तेव्हा फवारणी संध्याकाळीच. पाच टक्के अर्क म्हणजे ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, फडक्यातून पिळून गाळायच्या, साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. साबण विसरला तर अर्क पानावरून ओघळून जातो. निंबोळ्या जून-जुलैत गोळा होतात. बचत गटाच्या बायकांकडून त्या आधीच वेचून घेतल्या तर दुकानात जाणारा पैसा गावातच राहतो.

बियाणं आणि शेजारचा धुरा

बीटी कापूस लावून वर जीवामृत घालणारे भेटतात. जनुकीय बदल केलेलं बियाणं सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही, मग बाकी सगळं कितीही चोख असो. बिगर-बीटी, शक्यतो देशी वाणांकडे जावं लागतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-७ हे त्यातलं एक. देशी कापसाचा धागा आखूड असतो आणि साध्या बाजारात भाव कमी मिळतो, म्हणून गिऱ्हाईक पेरणीआधी ठरवा. तूर, मूग, ज्वारीचं बियाणं मात्र घरचंच जपता येतं. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० चं पद्मश्री त्यांना मिळालं. त्यांची रीत साधी आहे: मातीची मडकी, राख, कडुनिंबाचा पाला, आणि बियाणं नेणाऱ्याने पुढच्या हंगामात ते वाढवून परत देणं. हे कुठल्याही गावाला जमण्यासारखं आहे.

रायझोबियमची (मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया करताना पाकिटावरचं पीक वाचा. सोयाबीनचं जिवाणूखत हरभऱ्याला उपयोगी पडत नाही. बियाणं सावलीतच वाळवा.

आता धुरा. शेजारी तणनाशक मारतो आणि वारा तुमच्याकडे वाहतो. भांडून काही साधत नाही. धुऱ्याला लागून शेवरी, गिरीपुष्प किंवा तुरीची दाट ओळ लावा, कडेची काही तासं वेगळी काढा आणि तो माल वेगळाच विका. शेजाऱ्याशी एवढंच ठरवा की फवारणीच्या आदल्या दिवशी त्याने निरोप द्यावा. शेजारीच गटात आला तर प्रश्नच मिटतो.

प्रमाणपत्राची आठवण काढणीला येणं

तूर घरात आल्यावर "सर्टिफिकेट कुठे मिळतं?" म्हणून विचारणा सुरू होते. तोवर फार उशीर झालेला असतो. निर्यातीसाठी लागणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ धरतात. गावपातळीवर सोयीची आहे ती पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घेण्याची सरकारी पद्धत. किमान पाच शेतकऱ्यांचा गट हवा, सभासद एकमेकांची शेतं तपासतात, खर्च नगण्य. हे प्रमाणपत्र देशातल्या विक्रीला चालतं, निर्यातीला नाही. गट कागदावरच राहिला आणि कुणी कुणाच्या वावरात फिरकलं नाही तर एकाची चोरटी फवारणी सगळ्यांना भोवते. नोंदवही रोजच्या रोज लिहा. गटाला परंपरागत कृषी विकास योजनेतून मदत मिळू शकते, त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात खरिपाच्या आधीच जा.

वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक किंवा उत्पादक गट थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र सेंद्रिय मालावरचं 'जैविक भारत' हे सरकारी चिन्ह त्याला लावता येत नाही.

सगळा माल पुण्या-मुंबईला धाडणं

शहरात भाव चांगला मिळतो, हे खरं. पण एकट्याच्या चार क्विंटल तुरीला वाहतूक, पॅकिंग आणि परत आलेला माल परवडत नाही. शेवटी ती तूर मोंढ्यात साध्या भावाने जाते. त्याच गावात शेतमजुराची बाई दुकानातून पाकिटातली डाळ आणते, कुठे पिकली आणि कशावर पिकली हे ठाऊक नसलेली. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. पहिली विक्री आपल्या गावात, मग तालुक्याच्या आठवडी बाजारात, उरलं ते शहरात, असा क्रम लावा. गटाने छोटी डाळमिल घेतली तर शंभर किलो तुरीतून सत्तरेक किलो डाळ निघते. ती पाच-पाच किलोच्या पिशवीत शिक्षक, अंगणवाडी ताई, दवाखान्यातले कर्मचारी असे पगारदार वर्षभरासाठी आनंदाने घेतात. मजुरांना निंदणाच्या मजुरीसोबत वाजवी भावात देता येते. आणि चुरी, टरफल गावातच राहून गोठ्यात जातं, त्यावर पोसलेल्या जनावराचं शेण पुन्हा त्याच टाक्यात येतं.