मुलांच्या डोळ्यांबाबत या चुका टाळा: चुन्याच्या पुडीपासून पट्टीपर्यंत

"यातले कोणते ड्रॉप्स चांगले?" डोळ्यांच्या ओपीडीत पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पण बहुतेक वेळा ड्रॉप्सच्या आधीच निम्मा निकाल लागलेला असतो: घरच्या नळापाशी, नाहीतर आळशी डोळ्यासाठीची पट्टी खरोखर किती तास लावली त्यावर.

डोळ्यात चुना गेला की आधी दवाखान्याकडे धावणं

ऐकायला बरोबर वाटतं, आणि हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रसंग ठरलेला आहे. आजोबांच्या खाटेवर तंबाखूशेजारी चुन्याची प्लास्टिकची पुडी. चार वर्षांचं पोर ती दोन्ही हातांनी दाबतं, काही निघत नाही म्हणून तोंडाजवळ धरून आणखी जोरात दाबतं, आणि पुडी फुटते ती थेट डोळ्यात. आई पदराने पुसते. मामा गाडी काढतो. वाटेत मेडिकलमधून अँटिबायोटिकचे ड्रॉप्स घेतले जातात, मग केसपेपरची रांग. टेबलावर येईपर्यंत पाऊण तास झालेला असतो आणि डोळ्यात पाण्याचा थेंब गेलेला नसतो. वरची पापणी उलटली की मागे चुन्याचा लगदा जसाच्या तसा.

ॲसिडने डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढचं ॲसिड बऱ्याच अंशी अडवतो. चुना अल्कली म्हणजे क्षार आहे, पीएच (आम्ल-क्षार मोजणारा आकडा; सात म्हणजे मधला) बाराच्या वर. तो पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा साबण करत आत आत शिरतो, आणि एक कण उरला तरी हे चालू राहतं.

म्हणून जागेवरच धुवायचं. मुलाचे हात चादरीत गुंडाळा, दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल असं कुशीवर झोपवा, म्हणजे चुन्याचं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दोन बोटांनी पापण्या उघड्या धरा आणि नळाची बारीक धार किंवा तांब्याने पाणी सोडत राहा. दिसणारा लगदा ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढा. घड्याळ लावून निदान २० ते ३० मिनिटं. मूल किंचाळणारच; तेवढ्याने हात थांबवू नका. फिल्टरचं पाणी शोधू नका. लिंबू किंवा व्हिनेगर घालून चुना "मारायला" तर मुळीच जाऊ नका, त्याने भाजण्यात भरच पडते.

दवाखान्यातही घाई नडते. सलाइन की रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखंच क्षारांचं पाणी) यावर वाद घालण्यापेक्षा हाताशी असेल ती बाटली लावावी. बधिर करणारा थेंब टाकून आयव्ही सेटने (सलाइनच्या नळीने) एक-दोन लिटर तरी सोडावं, वरची पापणी दुहेरी उलटून खोबणी कापसाच्या काडीने साफ करावी. मूल धरू देत नसेल तर भूल द्यावी. धुणं थांबवून पाच मिनिटांनी पीएच पेपर लावावा. सातच्या आसपास आला नाही तर पुन्हा बाटली. लगेच पेपर लावला तर तो डोळ्याचा नाही, सलाइनचा पीएच दाखवतो.

आणि लाल डोळा पाहून घाबरणारे लोक पांढरा डोळा पाहून निश्चिंत होतात. खरं तर बुबुळाच्या कडेशी पांढरा पडलेला भाग म्हणजे जळून बंद झालेल्या रक्तवाहिन्या. बुबुळाचा पृष्ठभाग पुन्हा भरून काढणाऱ्या पेशी याच कडेला असतात. पुढचे स्टेरॉइडचे ड्रॉप्स पहिल्या सात ते दहा दिवसांत उपयोगी पडतात; जखम भरलेली नसताना तेच पुढे मनाने चालू ठेवले तर बुबुळ विरघळू शकतं.

टोकदार वस्तू लागली तर मात्र सगळं उलट

पेन्सिल, विटी, दसऱ्याच्या दिवसांतले खराट्याच्या काडीचे बाण. इथे धुवायचं नाही, दाबायचं नाही, रुतलेलं उपटायचं नाही. कागदी कप कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटपट्टीने बसवा आणि निघा. रडतंय म्हणून बिस्कीट-दूध देऊ नका. भूल द्यायला पोट रिकामं लागतं.

पट्टी की ॲट्रोपिन?

आळशी डोळा म्हणजे मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो तो कमी दिसणारा डोळा. त्याला कामाला लावायला चांगला डोळा पट्टीने झाकतात किंवा ॲट्रोपिनच्या थेंबांनी धूसर करतात. ही तुलना अमेरिकेत ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर नीट करून झाली आहे आणि २००२ साली निकालही आला: मध्यम दोषात सहा महिन्यांनी दोन्ही उपचार जवळपास सारखेच. पुढे मध्यम दोषात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच चालते हे दिसलं, आणि शनिवार-रविवारचं ॲट्रोपिन रोजच्याइतकंच. तरीही "जास्त लावलं की लवकर बरं" म्हणून दिवसभर पट्टी बांधणारे भेटतातच. आठवड्याभरात मूल ती ओरबाडून फेकतं आणि उपचारच बंद पडतो. पट्टीला रोज युद्ध होत असेल तर आमचं मत ॲट्रोपिनच्या बाजूने.

पण आधी चष्मा. नुसत्या योग्य नंबरानेच काही मुलांची नजर सुधारते, म्हणून चार महिने चष्मा लावून मग पट्टी. पट्टी चांगल्या डोळ्यावर आणि थेट कातडीला चिकटवलेली हवी. काचेवर लावली तर मूल कडेने बघतंच.

ॲट्रोपिनमध्ये एक घोटाळा फार होतो. आळशी डोळ्याला १ टक्का लागतं, दूरचा नंबर वाढू नये म्हणून देतात ते ०.०१ टक्का. शंभर पट फरक. बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचा. आळशी डोळ्यासाठीचा थेंब चांगल्या डोळ्यात टाका, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, हात धुवा, बाटली उंचावर ठेवा. चेहरा लाल झाला, तोंड कोरडं पडून ताप आला किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं तर थेंब बंद करून थेट दवाखाना.

आणि नजर आली म्हणून एका दिवसात सगळं बंद करू नका. थांबवल्यावर साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते. सहा तासांची पट्टी चालू असेल तर ती आधी दोनवर आणा, मग सोडा.

बाकीच्या थोडक्यात

काजळ, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध: डोळ्यात काहीही नको.

उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइड ड्रॉप्स वर्षानुवर्षं घालू नका. खाज थांबते आणि आत काचबिंदू होतो. ओलोपॅटाडिनने (ॲलर्जीच्या साध्या ड्रॉप्सनी) भागलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम किंवा सायक्लोस्पोरिन घ्या.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी येतं? नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून खालच्या दिशेने दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं गोंजारून उपयोग नाही. बहुतेक बाळांचा अश्रूंचा मार्ग वर्षाच्या आत मोकळा होतो.

फ्लॅशच्या फोटोत एकाच डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर मोबाइलला दोष देत बसू नका. बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा त्याच आठवड्यात तपासून घ्या, डोळ्यातला कर्करोग असाच दिसतो.