चाळीस मशीन आणि लॉगमध्ये एकच पत्ता

खानापूरहून रोज सकाळच्या गाडीने बेळगावला येऊन मी एका कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क सांभाळायला लागलो, तेव्हा प्रॉक्सीचा, म्हणजे लॅबमधल्या मशीनच्या वतीने इंटरनेटवरून पानं आणणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग (नोंदींची फाइल) कधी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. आपल्या भागातली जी मुलंमुली आता या कामात शिरतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमच्या सर्व्हरवर पुढे ई-टू-गार्डियन हा फिल्टर होता, पोर्ट ८०८०. नको त्या साइट तो अडवायचा आणि बाकीची मागणी त्याच सर्व्हरवरच्या, मागच्या स्क्विड या प्रॉक्सीकडे द्यायचा, पोर्ट ३१२८. एक दिवस सगळ्यांचं नेट रेंगाळलं. कुठलं मशीन ओढतंय ते शोधायला मी स्क्विडचा अ‍ॅक्सेस लॉग उघडला, तर प्रत्येक ओळीवर १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता. चाळीस मशीन, पत्ता एकच!

दोन दिवस मी स्क्विडच्या सेटिंग फाइलमध्ये काहीबाही बदलत बसलो. शेवटी गोकाककडचे सीनियर अण्णा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मदल लॉग नोडु." आधी लॉग बघ. तोच तर बघतोय, म्हटलं. त्यांनी दोन खिडक्या उघडायला लावल्या, एकीत फिल्टरचा लॉग, दुसरीत स्क्विडचा, दोन्ही टेल लावून चालू, म्हणजे नवी ओळ आली की लगेच दिसेल. मग एकाच मशीनवरून एकच साधी साइट उघडली. फिल्टरच्या ओळीत १९२.१६८.१.३७ आला, स्क्विडच्या ओळीत १२७.०.०.१.

तेव्हा लख्ख कळलं. स्क्विड बरोबरच लिहीत होता. त्याच्या दारात येणारा फिल्टरच होता, आणि तो त्याच सर्व्हरवर राहणारा. मूळ पत्ता पुढे पाठवायला फिल्टरमध्ये 'फॉरवर्डेडफॉर' ऑन केलं, आणि स्क्विडला तो पत्ता मानायची परवानगी दिली, पण फक्त लोकलहोस्टकडून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, आला तरच. ही अट सोडू नका. सगळ्यांना मुभा दिलीत तर कुणीही खोटा पत्ता चिकटवून पाठवेल. सेटिंग फाइल बदलली की आधी स्क्विडकडूनच पार्स करून, म्हणजे वाचून घेऊन, चुका तपासा, मगच रिकॉन्फिगर, म्हणजे नवी सेटिंग लागू करा.

लॉगमध्ये ओळच येत नसेल तर मी आता आधी डिस्क भरलीय का बघतो, मग फाइलचा मालक. उबुंटूवर स्क्विड 'प्रॉक्सी' या युजरने चालतो. लॉग पुसून रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरने, नवी फाइल केलीत तर त्याला तिच्यात लिहिता येत नाही. फिल्टरची लॉग लेव्हल १ असेल तर फक्त अडवलेल्या साइट दिसतात, सगळं हवं असेल तर ३.

एका गोष्टीने मला फार छळलं. स्क्विड ओळ लिहितो ती मागणी संपल्यावर. एचटीटीपीएसचं, म्हणजे कुलूपबंद साइटचं, कनेक्शन तासभर उघडं राहिलं तर तासभर लॉगमध्ये काहीच नाही, टॅब बंद केला की ओळ हजर. आणि त्या ओळीत साइटचं नाव आणि पोर्ट एवढंच असतं, आतलं पान नाही. कुणी "त्याने नेमकं काय पाहिलं?" विचारलं तर लॉग ते सांगत नाही, असं स्पष्ट सांगा. अंदाजाने कुणाचं नाव घेऊ नका.

त्या दिवशी पत्ते दिसायला लागल्यावर नेट ओढणारं मशीन पाच मिनिटांत सापडलं. कोपऱ्यातलं, खुर्ची रिकामी. विंडोजचं अपडेट उतरत होतं.