डोगोन मुखवटा नाच शूट करायचाय? आधी ‘कोण वारलंय’ ते विचारा

सिगी हा डोगोनांचा मोठा विधी 2027 ला येतोय हे कुठेतरी वाचून हल्ली नवीन फोटोग्राफर मंडळी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या या डोगोन लोकांबद्दल फार विचारतात, कुठलं गाव, कुठली लेन्स, किती पैसे लागतील. सगळं सांगतो, पण आधी हे ऐका: सध्या बांदियागाराच्या कड्याकडे, म्हणजे डोगोन गावांकडे, जायचं नाही. 2012 पासून माली बिघडलाय आणि मोप्तीच्या पट्ट्यात, जिथे हा कडा आहे, त्याचा कहर झालाय. मार्च 2019 मध्ये ओगोसागू या एकाच गावात 150 च्या आसपास फुलानी (शेजारची गुराखी जमात) माणसं मारली गेली, त्यानंतर डोगोन गावांवरही हल्ले झाले. जुलै 2025 मध्ये तर पार पश्चिमेकडच्या कायसजवळच्या सिमेंट कारखान्यातून आपले भारतीय कामगार पळवून नेले. “माझी तिकडे ओळख आहे, मी नेतो” असं कोणी म्हणालं तर तो तुमच्याच नाही, गाइडच्या आणि गाववाल्यांच्याही जिवाशी खेळतोय.

आणि सिगीसाठी जीव टाकणाऱ्यांनो, सिगी म्हणजे मुखवटा नाच नव्हे. तो 60 वर्षांनी येतो, मागचा 1967 ला युगो दोगोरूला सुरू झाला आणि गावोगावी फिरत 1973 पर्यंत चालला. त्यात पुरुष कवड्यांनी सजून सापासारख्या ओळीत नाचतात, तोंडं उघडी असतात. जो कोणी तुम्हाला ‘सिगीचे मुखवटे’ विकतोय त्याला विषयच माहीत नाही.

पण आज जाता येत नाही म्हणून शिकूच नये असं कुठंय? उलट हाच वेळ आहे. मी कामानिमित्त मालीच्या राजधानीत, बामाकोला होतो ते 2012 च्या आधी, रस्ता उघडा होता तेव्हा. बामाकोहून सेवारे 600 किलोमीटरच्या वर, पुढे बांदियागारा, मग वरती पठारावर सांगा नावाचं गाव, नाहीतर कड्याखालची तिरेली, इरेली, बनानी. फ्रेंच मोडकंतोडकं, पगारातून बाजूला काढलेले पैसे, आणि कोणी मराठी माणूस विचारायला नाही. ते एकटेपण अजून आठवतं, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितोय.

आता मुख्य गोष्ट, यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. तुम्हाला सांगितलं जातं की चला, डामा बघायला. मलाही शहरातल्या एका एजंटने डामा म्हणूनच विकलं होतं, वर “अस्सल आहे” म्हणून जास्तीचे पैसे घेतले. गावात पोचलो, नाच सुरू व्हायच्या आधी गाइडला म्हटलं जरा विचार, डामा कोणाचा आहे, कोण वारलंय. त्याने म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, “कोणीच नाही. तू आलायस म्हणून.”

हे नीट समजून घ्या. डामा म्हणजे शोक फेडायचा विधी, मेलेल्याचा जीव गावातून सोडवून पूर्वजांकडे लावून द्यायचा. दफन वेगळं, डामा वेगळा, तो मृत्यूनंतर काही वर्षांनीही होतो, कारण बाजरीची दारू आणि जेवणावळीचा खर्च एकट्या घराला झेपत नाही, मग बऱ्याच मेलेल्यांचा मिळून एकदम करतात. तो कित्येक दिवस चालतो. मुखवटे रानातून गावात येतात, वारलेल्याच्या घराच्या धाब्यावर चढून नाचतात. मुखवटे हा सुंता झालेल्या पुरुषांच्या आवा या मंडळाचा कारभार, गावातल्या बायका लांब राहतात, यासिगिने म्हणून मोजक्या बायका असतात तेवढा अपवाद.

आणि पाहुण्यांसाठी ठरवून केलेला नाच? तो तुम्ही पोचल्यावर थोड्या वेळात सुरू होतो. गावच्या नाचाच्या जागेवर होतो, धाब्यावर नाही. तासाभरात आटपतो. कानागा, सिरिगे, सातिम्बे, वालू, काठ्यांवर चालणारा तिंगेतांगे, असे सगळे मुखवटे थोडे थोडे येऊन जातात म्हणजे पाहुण्याला सगळं दिसावं. तुमच्या ग्रुपमधल्या बायका पुढे बसून बघू शकतात. यातलं दोन-तीन जरी दिसलं तरी समजा, डामा नाही. खात्री हवी असेल तर तोच प्रश्न, कोण वारलंय. नाव सांगता आलं नाही तर डामा नाही. गाइडवर चिडू नका, पाहुण्यांना तोच शब्द कळतो म्हणून तो वापरतो. एजंटवर मात्र खुशाल चिडा.

एवढं का ताणतोय, तर फोटो तुमच्या हातून गेला की कॅप्शन त्याच्याबरोबर जाते आणि परत येत नाही. पुढचा माणूस तुमच्या फोटोवरून लिहितो की तिरेलीत अमुक दिवशी डामा झाला, आणि न मेलेल्या माणसाचा शोक कागदावर कायमचा चढतो. माझे फोटो एका संपादकांकडे गेले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, विधी कोणाचा? मी सांगितलं, कोणाचा नाही, पाहुण्यांसाठीचा नाच आहे, गावाला पैसे दिले होते. त्यांनी फोटो घेतले नाहीत. वाईट वाटलं, खूप दिवस वाटत राहिलं. तरी आजही तेच सांगेन.

पण म्हणून ठरवलेला नाच खोटा असं अजिबात समजू नका, हे मी जीव तोडून सांगतो. नाचणारे तेच, अंगातली कला तीच, ढोल तेच. कित्येक दशकं ही गावं असे नाच करत आली, त्यातून पैसा यायचा, पोरं नवीन मुखवटे कोरायची. डोगोनांनी फुलानी बाईचा मुखवटा केलाय, गोऱ्या माणसाचासुद्धा केलाय, म्हणजे बाहेरून आलेल्याला नाचात घेणं त्यांना नवीन नाही. तुम्ही बिनधास्त बघा, मन लावून शूट करा, फक्त जे आहे ते लिहा.

पैशाचं थोडक्यात. बोलणी गावच्या वडीलधाऱ्यांशी करा, गाइड दुभाष्या म्हणून असू द्या. ही बैठक बहुतेक तोगुनामध्ये, म्हणजे गावच्या पुरुषांच्या बैठकीच्या मांडवात होते, तिथलं छप्पर इतकं बुटकं की उभं राहून भांडताच येत नाही. जाताना कोला नावाच्या झाडाच्या बिया (पेय नव्हे) न्या. विचारपूस लांबलचक चालते, बायकापोरं, घर, शेत, आणि प्रत्येकाला उत्तर “सेवो”, ती मध्येच तोडून घड्याळ बघू नका. पैसे सगळ्यांसमोर द्या. कुठे उभं राहायचं, व्हिडिओ चालेल का, हे तिथेच ठरवून घ्या. रिंगणात घुसायचं नाही, मुखवटा हातात मागायचा नाही, आणि चालताना मातीचा उंचवटा दिसला की गाइडला विचारल्याशिवाय त्यावर पाय टाकायचा नाही, ते पूजेचं ठिकाण असू शकतं.

आता कॅमेरा. कड्याचं तोंड आग्नेयेला आहे, म्हणजे खालच्या गावांवर ऊन सकाळी पडतं आणि दुपार कलली की कड्याची सावली गावावर येते, समोरचं मैदान मात्र लख्ख. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाच्या नादात राहिलात तर नाच सावलीत आणि मागचं सगळं जळलेलं. सकाळचा नाच मागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ, पण हरमाटन वाऱ्याची धूळ असतेच, वर नाचणाऱ्यांच्या पायाची, तेव्हा लेन्स बदलायची नाही, दोन बॉडी न्या किंवा एकाच झूमवर भागवा.

लाल तंतूंचे घागरे आणि झालरी फार फसवतात. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल चॅनेल उडालेला असतो, घरी आल्यावर नुसता लाल लगदा. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा, एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. कानागावाला कमरेतून गरकन फिरून मुखवट्याचं टोक जमिनीला घासतो, सगळे नेमके तिथेच क्लिक करतात आणि फ्रेममध्ये नुसते तंतू येतात. तो उठायला लागतो तेव्हा दाबा, 1/1000 च्या आसपास. सिरिगे चार मीटरच्या वर जाऊ शकतो, नाचणारा तो आतून दातांनी पकडून पुढे-मागे वाकवतो, त्यासाठी मागे सरका आणि कॅमेरा उभा धरा. एखादा नाच कॅमेरा खाली ठेवून नुसता बघा, पुढचे फोटो सुधारतात.

वर्कशॉपवाल्या गुरूंबद्दल माझं मत कडक आहे. दहा जणांना एका रेषेत बसवून एकच फ्रेम मिळवून देणारा माणूस तुम्हाला काही शिकवत नाही, तो त्याच्या अल्बमची कॉपी विकतो. माझा खरा शिक्षक तो गाइड, त्याला फोटोतलं काही कळत नव्हतं, पण आता कोण येणार आणि कुठून येणार हे कानात सांगायचा. वाचायचं तर ग्रिओल या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने 1938 मध्ये 70 च्या वर मुखवट्यांची नोंद केली, ती बघा. डोगोनांना सिरियस ताऱ्याच्या न दिसणाऱ्या जोडताऱ्याचं गूढ ज्ञान होतं, असल्या गोष्टींवर मात्र वेळ घालवू नका, वान बीक या डच मानववंशशास्त्रज्ञांनी गावात राहून तपासलं आणि 1991 मध्ये लिहिलं की त्यांना तसं काही सापडलं नाही.

सध्या काय करता येईल? पॅरिसला जाणं झालं तर के ब्रान्ली म्युझियममध्ये डोगोन मुखवटे आहेत, त्यांची उंची आणि वजन तरी डोळ्यात भरेल. आणि सरावाला जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा आहे, तिथेही मुखवटा चढवलेला माणूस फिरतो, वळतो, कपड्यांचे रंग फोटोत उडतात, गर्दीत जागा विचारून घ्यावी लागते. उजेड रात्रीचा, सेटिंग वेगळी, पण हात बसतो. कॅप्शनची सवयही तिथूनच लावा: गावाचं नाव, तारीख, कोणत्या सोंगाचा फोटो, नाच कशासाठी होता, पैसे दिले का, परवानगी कोणी दिली. वहीत त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी सोंगांची नावं एकमेकांत मिसळतात.