माजी जोडीदाराच्या निधनानंतर इंग्लंडमध्ये दावा कसा करायचा

इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोट झाला की जुन्या मृत्युपत्रात माजी पती किंवा पत्नीला दिलेलं सहसा रद्दच होतं. तरीही 1975च्या वारसातरतूद कायद्याखाली कोर्टाकडे मागणी करता येते. मात्र तुम्ही दुसरं लग्न केलेलं नसावं.

आधी घटस्फोटाच्या वेळचा पैशांबाबतचा आदेश शोधा. 'एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने 1975च्या कायद्याखाली अर्ज करू नये' असं त्यात असेल, तर वकिलाची फी वाचवा. 'क्लीन ब्रेक झाला होता' (म्हणजे दोघांचे पैशांचे संबंध कायमचे तुटले होते) एवढ्या आठवणीवर मात्र निर्णय घेऊ नका. नेमकं वाक्य वाचा. आपसात सही केलेल्या कराराने हा मार्ग बंद होत नाही, त्याला कोर्टाचा आदेशच लागतो.

मग मुदत. ती 6 महिन्यांची, आणि निधनापासून नव्हे तर प्रोबेट (मृताची मालमत्ता हाताळण्याची अधिकृत परवानगी) मिळाल्यापासून. प्रोबेट कधी निघालं हे कुणी कळवेलच असं नाही, म्हणून प्रोबेट रजिस्ट्रीत 'स्टँडिंग सर्च' (प्रोबेट निघालं की तुम्हाला कळावं अशी नोंद) लावून ठेवा. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. ती उलटली की कोर्टाची परवानगी लागते, आणि तोवर एक्झिक्युटरने (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने) पैसे वाटलेले असू शकतात. दाव्याच्या फॉर्मसोबत लेखी जबाब, प्रोबेटची अधिकृत प्रत आणि मृत्युपत्र जोडा.

मागणी वाट्याची नाही, चरितार्थाची असते. त्यामुळे घरभाडं, मासिक खर्च, पगार, पेन्शन, कर्ज, आजारपण यांची कागदपत्रं हवीत. 'मी त्या घरासाठी खूप केलं' यावर भर देणारे अर्ज दुबळे पडतात. घटस्फोटात पैशांचा निकाल लागलेला असेल तर यश क्वचितच मिळतं. मरेपर्यंत पोटगी चालू होती, असं असेल तर बाजू बरी. घटस्फोटानंतर 12 महिन्यांच्या आत निधन झालं आणि पैशांचा निवाडा राहिलाच, तर कोर्ट तुम्हाला पती किंवा पत्नीच धरून चरितार्थापलीकडेही देऊ शकतं.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांसाठी नियम वेगळा: मृत्यूच्या आधीची सलग 2 वर्षं पती-पत्नीसारखं एकत्र राहिलेलं असावं. आधीच वेगळे झालेल्यांना ही वाट नाही.

आपल्याकडच्या कुटुंबांत हमखास निघणारा मुद्दा डोमिसाइलचा, म्हणजे कायदा माणसाचं कायमचं घर कुठे मानतो याचा. मृत व्यक्तीचं डोमिसाइल इंग्लंड-वेल्सचं होतं हे दावा करणाऱ्यानेच सिद्ध करायचं असतं. लंडनमध्ये वीस वर्षं राहूनही 'शेवटी पुण्याला परतणार' असा पक्का इरादा असेल तर ते भारताचंच ठरू शकतं. पुण्यातल्या फ्लॅटला तर भारतीय कायदाच लागतो. त्यासाठी तिथला वकील वेगळा गाठा.